गर्भातल्या मेंदूला वळ्या कशा पडतात: संगणकावर मॉडेल बांधू पाहणाऱ्यांसाठी वाटाड्या

मेकॅनिकल, सिव्हिल, फिजिक्स किंवा गणित शिकलेल्या आणि मेंदूच्या वळ्यांचं गणित स्वतः करून बघावं असं वाटणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. नांदेड, लातूर, परभणी, छत्रपती संभाजीनगर इकडच्या कॉलेजांतून विचारणा होते तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: "सर, पूर्ण मेंदूचं थ्रीडी मॉडेल कुठून डाउनलोड करू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. पूर्ण मेंदू सगळ्यात शेवटी. आधी एक साधी चौकोनी पट्टी घ्या, तिला घडी पाडा, ती घडी हाताने केलेल्या हिशोबाशी जुळवा. एवढं जमलं की निम्मी वाट संपते. हे टाळून थेट मेंदूवर उडी घेतलेले प्रोजेक्ट मी बरेच पाहिलेत. त्यात रंगीत चित्रं छान येतात, पण चित्र तसं का आलं हे व्हायव्हात कुणालाच सांगता येत नाही.

मी स्वतः मेकॅनिकलचा, वैद्यकीय शिक्षण नाही. तुम्हालाही त्याची गरज नाही. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची भीती नसावी आणि पायथनमध्ये फॉर लूप लिहिता यावं, एवढं पुरे.

१. आधी जमवाजमव करा

सॉफ्टवेअर सगळं फुकट मिळतं. अबॅकस हे विकतचं सॉफ्टवेअर कॉलेजात असेल तर उत्तम, नसेल तर अडत काहीच नाही.

- फेनिक्स किंवा फेबायो: फायनाइट एलिमेंटचा हिशोब करायला, म्हणजे आकाराचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून प्रत्येकाचं विरूपण काढायला. समीकरण स्वतः लिहायची तयारी असेल तर फेनिक्स, मेनूतून काम करायचं असेल तर फेबायो.
- जीमेश: जाळी, म्हणजे मेश, बनवायला.
- पॅराव्ह्यू: निकाल बघायला.
- थ्रीडी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप: एमआरआयच्या फाइली उघडायला आणि त्यातून आकार काढायला. हे सहाव्या पायरीपर्यंत लागत नाही.

कागदपत्रं मात्र पहिल्याच आठवड्यात मार्गी लावा, कारण सह्यांना वेळ लागतो. बोनाफाइड, कॉलेजचा ईमेल, मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र आणि प्रोजेक्टची एक पानाची रूपरेषा. डेटा देणाऱ्या बऱ्याच संस्था नोंदणी करून वापराच्या अटी मान्य करायला लावतात आणि तिथे खासगी ईमेल चालेलच असं नाही.

२. मेंदूचं वेळापत्रक डोक्यात बसवा

गरोदरपणाच्या साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत माणसाच्या गर्भाचा मेंदू बाहेरून जवळपास गुळगुळीत असतो. बाजूची मोठी सिल्व्हियन खाच लवकर दिसू लागते, मधली सेंट्रल खाच विसाव्या आठवड्याच्या आसपास. तिसाव्या आठवड्याच्या अलीकडे-पलीकडे वळ्यांची गर्दी वाढते आणि जन्मापर्यंत मुख्य वळ्या तयार झालेल्या असतात. वर आलेल्या भागाला गायरस म्हणतात, आत गेलेल्या खाचेला सल्कस.

मोठ्या माणसाच्या मेंदूचा बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, २ ते ४ मिलिमीटर जाड असतो. त्याचा सुमारे दोन तृतीयांश पृष्ठभाग खाचांच्या आत लपलेला असतो. वळ्यांचं माप सांगायला गायरिफिकेशन इंडेक्स वापरतात: छेदावर खाचांमधून आत-बाहेर फिरून मोजलेली लांबी भागिले वरवरच्या कडेची लांबी. गुळगुळीत मेंदूला हा आकडा १ येतो, प्रौढ माणसात सुमारे २.५.

मॉडेलला यातून सुरुवातीचा आकार मिळतो (२० ते २२ आठवड्यांचा, जवळपास गुळगुळीत), शेवटचा टप्पा मिळतो आणि पडताळणीचा आकडाही मिळतो.

३. कोणत्या कारणाचं मॉडेल करताय ते लिहून काढा

वळ्या का पडतात यावर एकमत व्हायला बराच काळ गेला आणि काही वाद अजून चालू आहेत. तुम्ही कोणाच्या बाजूने मॉडेल करताय हे वहीत आधी लिहा.

१९७५ साली रिचमन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की कॉर्टेक्सचे वरचे थर खालच्यांपेक्षा जास्त वाढतात, म्हणून त्याला घड्या पडतात. १९९७ मध्ये डेव्हिड व्हॅन एसन यांनी दुसरी कल्पना मांडली: चेतापेशींचे लांब तंतू, म्हणजे ॲक्सॉन, ताणलेले असतात आणि एकमेकांशी जोडलेल्या भागांना जवळ ओढतात. २०१० मध्ये फेरेट या प्राण्याच्या मेंदूच्या चकत्यांना छेद देऊन तपासलं, तेव्हा ॲक्सॉनमध्ये ताण आढळला. पण गायरसच्या दोन भिंती एकमेकींकडे ओढाव्यात अशा दिशेने तो नव्हता. २०१३ मध्ये फिलिप बेली यांच्या गटाने असं मॉडेल दिलं ज्यात आतला भाग ताण बसेल तसा हळूहळू स्वतःही वाढतो. आणि २०१४ व २०१६ मध्ये तुओमास टालिनेन, एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाहेरचा थर आतल्या भागापेक्षा वेगाने पसरतो एवढं एकच कारण घेतलं तरी मेंदूसारख्या वळ्या उमटतात. संगणकावर तर त्यांनी ते केलंच, शिवाय २२ आठवड्यांच्या गर्भाच्या एमआरआयवरून जेलचा दोन थरांचा मेंदू ओतला आणि द्रावणात बुडवला. बाहेरचा थर फुगला आणि खऱ्यासारख्या वळ्या पडल्या.

नवख्याने याच शेवटच्या वाटेने जावं असं माझं ठाम मत आहे. त्यात मोजकेच आकडे लागतात: थराची जाडी, वाढीचं प्रमाण, दोन थरांच्या ताठरपणाचं गुणोत्तर. प्रत्येक आकडा बदलला की काय होतं ते बघता येतं. ॲक्सॉन नंतर घाला.

४. पट्टी आधी

इथे वेळ द्या. घाई करू नका.

गादीवर अंथरलेली चादर दोन्ही हातांनी मध्ये ढकलली की तिला ठरावीक अंतरावर सुरकुत्या येतात. चादर जाड असेल तर सुरकुत्या लांब-लांब, पातळ असेल तर जवळ-जवळ. गणितातही हेच. ताठर पातळ थर मऊ पायावर चिकटलेला असेल आणि दोन्ही पदार्थ दाबून आकारमान न बदलणारे असतील, तर:

लहरीची लांबी = २ × π (३.१४) × थराची जाडी × घनमूळ (थराचा ताठरपणा ÷ ३ पट पायाचा ताठरपणा)

आणि लहरी सुरू व्हायला लागणारं आकुंचन = पाव × (३ पट पायाचा ताठरपणा ÷ थराचा ताठरपणा), या कंसाचा दोन तृतीयांश घात.

थर पायापेक्षा १०० पट ताठर धरला तर लहर जाडीच्या सुमारे २० पट लांब येते आणि ती साधारण २.४ टक्के आकुंचनाला सुरू होते. थर १० पट ताठर असेल तर लांबी जाडीच्या सुमारे ९.४ पट आणि आकुंचन ११ टक्क्यांच्या आसपास. हे कॅल्क्युलेटरवर करून बघा आणि मगच संगणकाला हात लावा.

आता पट्टी. वरच्या थराची जाडी १ एकक, एकूण खोली ६०, रुंदी पाच लहरी मावतील एवढी, म्हणजे १०० च्या जवळ. बाजूच्या कडा आडव्या हलू देऊ नका, तळ उभा हलू देऊ नका, वरचा पृष्ठभाग मोकळा. वरच्या थरात जाडीच्या दिशेने किमान चार एलिमेंट हवेत. खाली जाताना जाळी विरळ होत गेली तरी चालते. मग वरचा थर आडव्या दिशेने अगदी हळूहळू वाढवा.

इथे चार ठिकाणी लोक अडकतात.

पट्टी अगदी परिपूर्ण सरळ असेल तर घडी पडतच नाही. संगणक थर दाबत राहतो, थर जाड होत जातो आणि आपण वाट बघत बसतो. पृष्ठभागावर जाडीच्या एक टक्क्याएवढा किरकोळ खडबडीतपणा द्या.

हा खडबडीतपणा विस्कळीत, म्हणजे रँडम असू द्या. अपेक्षित लहरीच्याच लांबीची सुबक साइन लहर देऊन ठेवली तर शेवटी तीच मोठी होऊन येते आणि मॉडेल बरोबर असल्याचा भास होतो.

पट्टी अरुंद ठेवली तर लहरीची लांबी कडा ठरवतात, पदार्थ नव्हे. रुंदी दीडपट करून पुन्हा चालवा. लांबी बदलली तर समजा की आधीची रुंदी कमी होती.

चौथी अडचण एलिमेंटची. मेंदूचा ऊतक सहसा आकारमान बदलत नाही, म्हणून पॉयसन गुणोत्तर ०.४९९ ठेवायचा मोह होतो. साध्या रेषीय त्रिकोणी एलिमेंटमध्ये मग सगळं मॉडेल अवास्तव ताठर होऊन बसतं. वर्गीय (क्वाड्रॅटिक) एलिमेंट घ्या किंवा दाब हा वेगळा अज्ञात धरून मिश्र पद्धत वापरा. तिसरा मार्ग बल्क मॉड्युलस जरा कमी ठेवण्याचा. टालिनेन यांनी तो शिअर मॉड्युलसच्या पाचपट धरला होता, आणि वळ्यांच्या अभ्यासाला तेवढं चाललं.

मॉडेलमधली लहर सूत्राशी दहा टक्क्यांच्या आत जुळली की पुढे चला. नाही जुळली तर पाचवी पायरी वाचूही नका.

५. आता थर मऊ करा, आणि सूत्र सोडा

चादरीची गोष्ट इथेच संपते, कारण चादर गादीपेक्षा ताठर असते. मेंदूचा करडा (बाहेरचा कॉर्टेक्स) आणि पांढरा (त्याच्या आतला) भाग मात्र जवळपास सारखेच मऊ असतात. दोघांचा शिअर मॉड्युलस साधारण एक किलोपास्कलच्या घरातला, आणि कोणता जास्त मऊ हे मोजण्याच्या पद्धतीवरही ठरतं. म्हणून गुणोत्तर १०० वरून ३०, १०, ३ आणि शेवटी १ असं उतरवत आणा.

या उतरणीवरच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. सुरुवातीला लहरी गोलसर, वर-खाली सारख्या असतात. गुणोत्तर कमी होत गेलं की वरचे भाग गोलच राहतात, पण खालच्या खाचा टोकदार होऊ लागतात. गोल गायरस, धारदार सल्कस: खऱ्या मेंदूच्या छेदातही हेच दिसतं. वरचं सूत्र ताठर थरासाठी असल्यामुळे गुणोत्तर १ च्या जवळ ते लागू पडत नाही. तिथे ते वापरून रिपोर्टात तक्ता देऊ नका.

एकसारख्या मऊ पदार्थाचा सपाट पृष्ठभाग दाबला तर काय होतं, याचा हिशोब मॉरिस बियो यांनी १९६३ मध्ये केला. त्यात सुमारे ४६ टक्के आकुंचनाला पृष्ठभाग अस्थिर होतो असं निघालं. प्रत्यक्षात सुमारे ३५ टक्क्यांनाच एकदम धारदार खाच पडते. हा फरक पडतो कारण खाच लहानशा लहरीतून हळूहळू वाढत नाही, ती अचानक उमटते. म्हणून सॉफ्टवेअरमधलं रेषीय बकलिंगचं बटण दाबून मिळालेल्या उत्तरावर इथे विसंबू नका. पूर्ण अरेषीय गणित चालवा.

वाढ घालायची रीत रॉड्रिग्ज, होगर आणि मॅककुलॉक यांनी १९९४ मध्ये मांडली. एकूण विरूपण हे दोन भागांचा गुणाकार धरायचं: आधी वाढ, मग त्या वाढीला जागा न मिळाल्यामुळे आलेलं लवचिक विरूपण. ताण फक्त लवचिक भागातून काढायचा. वाढीचं प्रमाण पृष्ठभागाशी सर्वांत जास्त आणि थराच्या तळाशी जाता जाता सावकाश शून्य होईल असं ठेवा. थर संपला तिथे एकदम तोडलं तर सीमेवरच्या एलिमेंटमध्ये ताणाच्या उड्या दिसतात आणि त्या खऱ्या वाटू लागतात. ऊर्जेचं समीकरण स्वतः लिहीत असाल तर वाढीमुळे वाढलेलं आकारमान गुणायला विसरू नका. प्रोग्राम तरीही चालतो, त्यामुळे ही चूक सहजी सापडत नाही.

खाच खोल गेली की तिच्या दोन भिंती एकमेकींना भिडतात. स्वतःच्याच पृष्ठभागाशी होणारा हा स्पर्श हाताळला नाही तर भिंती एकमेकींतून आरपार जातात. फेबायोत याची सोय तयार मिळते. फेनिक्समध्ये स्वतः लिहावं लागतं: जवळ आलेल्या बिंदूंना दूर ढकलणारं पेनल्टी बल. स्पर्शानंतर न्यूटन पद्धत अनेकदा अडकते, म्हणून बरेच जण काळाच्या बारीक पायऱ्यांनी जाणारी एक्स्प्लिसिट पद्धत आणि भरपूर डॅम्पिंग वापरतात. त्यात पायरी किती मोठी घ्यायची हे सर्वांत लहान एलिमेंट ठरवतो. एखादा चपटा, सुईसारखा एलिमेंट राहिला तरी अख्खं काम रेंगाळतं.

६. खरा आकार कुठून आणायचा, आणि कुठून आणायचा नाही

हा भाग मराठवाड्यातल्या मुलांनी दोनदा वाचावा.

गावातल्या सोनोग्राफी सेंटरवर किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन "गर्भाच्या मेंदूच्या इमेज द्या, प्रोजेक्टला पाहिजेत" असं म्हणू नका. आपल्याकडे १९९४ चा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा आहे आणि गर्भाच्या प्रत्येक तपासणीची नोंद ठेवावी लागते. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातल्या मुलींचं प्रमाण राज्यात सर्वांत कमी होतं ते बीड जिल्ह्यात. इथल्या डॉक्टरांनी अशा मागणीकडे संशयाने बघणं रास्तच आहे. शिवाय त्या प्रतिमा एखाद्या बाईच्या आहेत, तिची संमती आणि संस्थेच्या एथिक्स समितीची परवानगी यांशिवाय त्या कुणाच्याच नाहीत. पेन ड्राइव्हवर तर अजिबात घेऊ नका, कुणी आपणहून दिल्या तरी.

गरजही नाही. ओळख पुसलेला, अभ्यासासाठी खुला केलेला डेटा उपलब्ध आहे. बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या गटाने २१ ते ३८ आठवड्यांपर्यंत दर आठवड्याचा सरासरी गर्भमेंदू, म्हणजे एमआरआय ॲटलस, प्रसिद्ध केला आहे. नवख्याला हाच सोपा, कारण कॉर्टेक्स, पांढरा भाग अशा खुणा आधीच केलेल्या असतात. इंग्लंडच्या डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टकडे नवजात बाळांचा मोठा साठा आहे. आणि आपल्याच देशात, आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने २०२४ मध्ये 'धारिणी' हा संच खुला केला: १४ ते २४ आठवड्यांच्या पाच गर्भमेंदूंचे ५,१३२ छेद, पेशी दिसतील इतके स्पष्ट. वळ्या पडण्याच्या अगदी आधीचा हा काळ. थर किती जाड, कुठे जाड, कुठे पातळ, हे ठरवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

खुला डेटा वापरतानाही कॉलेजच्या किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजच्या एथिक्स समितीकडे एक अर्ज द्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा कामाला सूट मिळू शकते. पण सूट आहे की नाही हे समिती ठरवते, आपण नाही. ते पत्र पेपर पाठवताना उपयोगी पडतं.

आकार काढताना सांभाळायच्या गोष्टी:

- एकक एकच ठेवा. लांबी मिलिमीटरमध्ये आणि ताठरपणा किलोपास्कलमध्ये घेतला तर बल मिलिन्यूटनमध्ये येतं, हिशोब सरळ राहतो.
- डावं-उजवं तपासा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना अक्षांची दिशा बदलते आणि मेंदू आरशातला होतो.
- पृष्ठभागात भोकं, एकमेकांत घुसलेले त्रिकोण राहिले तर जीमेश घन जाळी बनवायला नकार देतो. आधी दुरुस्ती, मग हलकं स्मूदिंग. जास्त स्मूदिंग केलं तर सिल्व्हियन खाचच नाहीशी होते.
- सुरुवातीला अर्धाच मेंदू घ्या. मधल्या सपाट पृष्ठभागाला बाजूला सरकू देऊ नका.

टालिनेन यांच्या पद्धतीवर बेतलेला 'ब्रेनग्रोथ' नावाचा पायथन कोड खुला आहे. पट्टीची पायरी पूर्ण केलेल्याने तो जरूर वापरावा, कारण आतली प्रत्येक ओळ तेव्हा ओळखीची वाटते.

७. लाइट जाणार, हे धरून चाला

पट्टी साध्या लॅपटॉपवर होते. अर्ध्या मेंदूला मात्र तास, कधी दिवस लागतात, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. दर ठरावीक पायऱ्यांनी पूर्ण स्थिती फाइलमध्ये जतन करा आणि तिथूनच पुन्हा सुरू होईल असा कोड पहिल्याच दिवशी लिहा. एकदा मुद्दाम मध्येच बंद करून तपासा. गूगलच्या कोलॅबवरही (ब्राउझरमधून पायथन चालवायची सोय) सत्र मध्येच तुटतं, तिथेही हेच लागू. चाळिशीपार उन्हाळ्यात लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो, म्हणून मोठी कामं रात्री लावा. त्याहून मोठं काम असेल तर मार्गदर्शकांमार्फत राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या परम यंत्रांवर वेळ मागता येतो. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. अर्जात पट्टीचे निकाल जोडा, पुढे काय करणार ते समोरच्याला लगेच कळतं.

८. निकाल खरा की नुसता सुंदर, हे ओळखा

मेंदूसारखं दिसणं हा पुरावा नाही. वळ्या पडलेली कुठलीही गोळी मेंदूसारखीच दिसते. माझ्या मते किमान एवढं तपासावं.

गायरिफिकेशन इंडेक्स आठवड्यांनुसार कसा वाढतो ते काढा आणि ॲटलसमधल्या त्याच आठवड्यांशी ताडून बघा. जाळी दुप्पट बारीक करून पुन्हा चालवा. वळ्यांमधलं अंतर बदललं तर तुम्ही मेंदू नव्हे, जाळी मोजत आहात. ब्रुनो मोटा आणि सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांनी २०१५ मध्ये वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांत एक नातं दाखवलं: एकूण पृष्ठभाग गुणिले जाडीचं वर्गमूळ हे उघड्या पृष्ठभागाच्या १.२५ घाताच्या प्रमाणात असतं. तुमचे आकडे त्यात घालून बघा.

मग जाडी बदला. जाड थरात वळ्या थोड्या आणि रुंद, पातळ थरात बारीक आणि दाट आल्या पाहिजेत. आजारांतही याच्याशी मिळतंजुळतं दिसतं: लिसेन्सेफलीत कॉर्टेक्स जाड आणि मेंदू गुळगुळीत, पॉलिमायक्रोगायरियात बारीक बारीक वळ्यांची दाटी. पण इथे जपून लिहा. लिसेन्सेफली एलआयएस-१ सारख्या जनुकातल्या बिघाडामुळे होते, पेशी आपल्या जागी पोचतच नाहीत, थरांची रचनाच बदलते. तुमच्या मॉडेलमध्ये फक्त जाडी बदलली आहे. "जाडी बदलल्याने वळ्या कमी झाल्या" एवढंच लिहा. "आजाराचं कारण सापडलं" असं लिहू नका. अशी बाळं असलेले आईवडील इंटरनेटवर शोधत असतात आणि तुमचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचू शकतं.

मुख्य खाचांची जागा आणि दिशा जुळणं चांगलंच, पण बारीक वळ्या एका माणसाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत, तर मॉडेलच्या कुठून जुळतील? त्यावर रात्री जाळू नका.

९. खरा मेंदू एकदा बघून या

संगणकाला हात लावण्याआधी किंवा निदान पट्टी झाल्यावर. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथे शासकीय मेडिकल कॉलेजं आहेत आणि प्रत्येकात शरीररचनाशास्त्र विभाग असतो. आपल्या विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन तिथल्या विभागप्रमुखांना भेटा, फोटो काढू का हे विचारा आणि नाही म्हणाले तर काढू नका. ज्यांनी देहदान केलं त्यांचे ते अवयव आहेत. छेदाची चकती बघायला मिळाली तर सल्कसच्या तळाशी आणि गायरसच्या माथ्याशी कॉर्टेक्सची जाडी नीट न्याहाळा: माथ्यावर जाड, तळाशी पातळ. तुमच्या पट्टीतही तसंच आलं आहे का ते घरी येऊन मोजा.

आणि अडलात तर कुणालाही मदत मागताना तीन गोष्टी सोबत पाठवा: वापरलेल्या सगळ्या आकड्यांचा एका पानाचा तक्ता एककांसह, जाळीचं चित्र, आणि पट्टीचा सूत्राशी जुळवलेला आलेख. नुसता एररचा स्क्रीनशॉट आला तर समोरच्याला आधी हेच सगळं विचारावं लागतं.